जुना घाट, नवी बांधणी

वाद्यांच्या दुकानात सध्या एक ठरावीक रूप पुन्हा दिसू लागले आहे. पिकल्या रंगाचा टॉप, कडेने बारीक नक्षीची पट्टी, जुन्या वळणाचे हेड. आत डोकावले तर मात्र यंत्रावर कापलेले सांधे, नेकमध्ये पोलादी सळई आणि भट्टीत भाजलेले लाकूड. घाट १९३० किंवा १९६० च्या दशकातला, बांधणी आजची. अशा अकूस्टिक गिटारविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले मत म्हणते, हा जुन्या आठवणींवर चाललेला धंदा आहे. दुसरे म्हणते, जुने ते जुनेच, नव्या पद्धतीने बांधलेली गिटार ही कायम तडजोडच. ही मते एकमेकांविरुद्ध वाटली तरी दोघांचे गृहीत एकच आहे: वाद्याचे जुनेपण त्याच्या वयात, रूपात आणि मूळ सामग्रीत असते. मला हे गृहीतच उथळ वाटते.

माझे म्हणणे असे आहे. वाद्याची परंपरा म्हणजे त्याचा आवाज ज्या कारणांनी घडतो त्या कारणांची परंपरा. ती कारणे टिकवायला बांधणी बदलावी लागली, तर तो बदल परंपरेच्या आतला आहे. कारणे सोडून नुसते रूप ठेवले, तर ती नक्कल आहे, मग ती हाताने केलेली असो वा यंत्राने. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या वादकाला या प्रश्नातून सुटका नाही, कारण इथली हवा वर्षातून दोनदा प्रत्येक गिटारची परीक्षा घेते. आणि या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, देवगिरीला, सातशे-आठशे वर्षांपूर्वी वाद्यांविषयी असा विचार लिहून ठेवला गेला आहे, की आजच्या वादातही तो उपयोगी पडावा.

१. मूळ नमुना नेमका कोणता?

‘अस्सल जुनी’ असे म्हणताना जाणकारांच्या मनात बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीची अमेरिकन गिटार असते, आणि त्यातही मार्टिन कंपनीची डी-२८. म्हणून तिचाच इतिहास तपासू.

ही कंपनी ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन या जर्मनीतून आलेल्या कारागिराने १८३३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केली. टॉपच्या आतून फुलीच्या आकारात लावलेल्या आधारपट्ट्या, म्हणजे एक्स-ब्रेसिंग, ही तिची ओळख. आज ही रचना म्हणजे स्टील-तारांच्या गिटारचा कणा मानली जाते. पण ती रुजली १८४० च्या दशकात, आतड्याच्या तारांच्या काळात. स्टीलच्या तारा डोळ्यांसमोर ठेवून मार्टिनने नियमित मॉडेल बांधले ते १९२२ मध्ये. ‘ड्रेडनॉट’ हा रुंद, चौकोनी अंगाचा आकार १९१६ मध्ये डिटसन या दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकण्यासाठी तयार झाला, आणि डी-२८ हे नाव घेऊन मार्टिनच्या शिक्क्यासह बाजारात यायला १९३१ उजाडले. अंगापासून मोकळे असलेले चौदा फ्रेट, जे आज आपण गृहीतच धरतो, ते १९२९ नंतरचे.

पुढेही बदल थांबले नाहीत. १९३० च्या दशकाच्या शेवटी फुलीचा छेदबिंदू साउंडहोलपासून थोडा मागे सरकला. फुलीच्या या पट्ट्या मध्ये खोलगट तासून हलक्या केलेल्या असत. वादक जाड तारा चढवू लागले, टॉप फुगू लागले, आणि १९४४ च्या अखेरीस ही तासणी बंद झाली. नेकमध्ये १९३४ पासून पोलादी पट्टी होती. युद्धात पोलाद मिळेना तेव्हा तिच्या जागी एबनीची पट्टी बसवली गेली. बाहेरून फिरवून नेकचा बाक दुरुस्त करता येईल अशी सळई, म्हणजे ॲडजस्टेबल ट्रस रॉड, मार्टिनने घेतली १९८५ मध्ये. खरे तर गिब्सनने ती १९२० च्या दशकातच आणली होती. टॉपचे ॲडिरॉन्डॅक स्प्रूस बेसुमार तोडीने संपत आले, म्हणून १९४० च्या दशकाच्या मध्यात सिटका स्प्रूस आले. पाठीसाठी ब्राझिलियन रोझवुड वापरणे १९६९ च्या सुमारास थांबले आणि भारतीय शिसव आले.

आता या वाटेवरचे कोणते वर्ष ‘मूळ’ धरायचे? प्रत्येक टप्पा त्या त्या काळातली नवी बांधणीच होता. जुन्या वळणाच्या गिटारची ओढसुद्धा आजची नाही. तासलेल्या पट्ट्या आणि किनारीची जुनी नक्षी परत आणणारी एचडी-२८ मार्टिनने १९७६ मध्ये काढली. तासणी बंद होऊन तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षे झाली होती.

यामाहाचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. जपानमध्ये १९६६ मध्ये निघालेली एफजी-१८० ही तांबड्या लेबलची गिटार तिच्या खणखणीत आवाजासाठी आजही शोधली जाते. तिच्याच मालिकेतली एफजी-१५० घेऊन कंट्री जो मॅकडॉनल्ड १९६९ मध्ये वुडस्टॉक संगीतमहोत्सवाच्या मंचावर उभा राहिला. त्या एफजी-१८० चा टॉप प्लायचा होता, अखंड लाकडाचा नव्हता. २०१९ मध्ये यामाहाने तांबडे लेबल पुन्हा आणले, तेव्हा एफजी३ आणि एफजी५ या गिटारना अखंड सिटका स्प्रूसचा, उष्णतेची प्रक्रिया केलेला टॉप दिला आणि आतल्या पट्ट्या तासल्या. हुबेहूबपणाच्या हिशेबाने हा अपराध ठरेल, कारण मुळाशी इमान राखायचे तर प्लायच लावायला हवा होता. कंपनीने जुन्या वाद्याचा रोख ओळखला आणि त्या रोखाने जायला आज जे चांगले उपलब्ध आहे ते वापरले. माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग आहे.

२. आवाज कशामुळे घडतो

गिटारची तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. ती ब्रिजला हलवते, ब्रिज टॉपला, आणि टॉप हवेला. म्हणून टॉप जितका हलका आणि पातळ, तितके वाद्य चटकन बोलते. पण मध्यम-हलक्या जाडीच्या सहा स्टील-तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या वर जातो, आणि हा ताण अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडावर वर्षानुवर्षे असतो. टॉप जाड केला तर वाद्य शंभर वर्षे टिकेल आणि शंभर वर्षे मुके राहील. फार पातळ केला तर पहिल्या पावसाळ्यात ब्रिजमागे पोट निघेल. उत्तम गिटार या दोन टोकांमध्ये, आणि तीही पातळपणाच्या बाजूला झुकून उभी असते.

युद्धपूर्व डी-२८ चा जो आवाज वाखाणला जातो, तो या झुकण्याचा आवाज आहे. हलका टॉप, तासलेल्या पट्ट्या, साउंडहोलकडे सरकलेली फुली. त्याची किंमतही त्या वाद्यांनी मोजली. कित्येकांचे टॉप फुगले, नेकचा कोन बिघडला, सांधा उघडून नेक पुन्हा बसवावी लागली. जुना आवाज हवा, तर त्यातला हा धोकाही पत्करावा लागतो.

नव्या बांधणीचे खरे काम इथे सुरू होते, आणि माझ्या युक्तिवादाचा गाभाही इथेच आहे. नेकमध्ये ट्रस रॉड आणि कार्बनच्या पट्ट्या घातल्या की नेक ताणाखाली वाकत नाही, आणि वाकलीच तर एका चावीने सरळ होते. सरसाने चिकटवलेल्या सांध्याऐवजी बोल्टने आवळलेला सांधा असला, तर टॉप थोडा फुगला तरी नेकचा कोन सहज दुरुस्त करता येतो. टेलर कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या नेकचा हेतू नेमका हाच होता. म्हणजे नेक आणि सांधा यांना आधुनिक केले, की टॉपला जुन्यासारखे हलके ठेवण्याची मुभा मिळते. बांधणीतला नवेपणा हा जुन्या आवाजाचा पहारेकरी आहे. तो काढून टाका, आणि सावध कारागिराला टॉप जाड करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता सामग्रीच्या पूजेविषयी. ब्राझिलियन रोझवुडशिवाय तो आवाज नाही, अशी एक ठाम समजूत आहे. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. रॉजर बकनॉल या अनुभवी गिटारकाराने सहा गिटार बांधल्या. बाकी सर्व शक्य तितके सारखे, फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे: ब्राझिलियन रोझवुड, भारतीय रोझवुड, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. बावन्न गिटारवादकांनी मंद उजेडात, डोळ्यांना वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवल्या. आवाजाच्या पसंतीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाठीच्या लाकडाचा परिणाम शून्य असतो, असे यातून मी म्हणणार नाही. पण टॉपची जाडी आणि पट्ट्यांची तासणी यांच्या शेजारी तो फार लहान आहे, आणि आपण नेमके त्या लहान गोष्टीभोवती देव्हारा मांडून बसलो आहोत.

३. मराठवाड्याची हवा

कागदावरचा हा विचार आपल्या शहरात रोजचा होतो. संभाजीनगरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ऐंशीच्या वर असते. गिटारकार ज्या हवेत बांधणी करतात तिची आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के. म्हणजे आपले वाद्य वर्षभर स्वतःच्या जन्माच्या हवेपासून कधी एका टोकाला, तर कधी दुसऱ्या टोकाला फेकले जाते.

याचा हिशेब मांडता येतो. वीस टक्के आर्द्रतेत लाकडातला पाण्याचा अंश चार-पाच टक्क्यांवर स्थिरावतो, ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रतेत तो पंधराच्या पुढे जातो. स्प्रूस रेषांना आडवे, पाण्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीच्या साधारण हजारातल्या एका भागाइतके किंवा किंचित जास्त हलते. ड्रेडनॉटचा टॉप खालच्या भागात सुमारे ३९७ मिलिमीटर रुंद असतो. हे लाकूड मोकळे असते आणि त्याला पुरता वेळ मिळाला असता, तर उन्हाळा ते पावसाळा या प्रवासात ते चार-पाच मिलिमीटर कमी-जास्त झाले असते. प्रत्यक्षात पॉलिश, पट्ट्या आणि कडेचे सांधे त्याला अडवतात. अडवलेली हालचाल फुगवटा होऊन बाहेर येते, नाहीतर चीर होऊन.

इथल्या वादकाला याची लक्षणे पाठ आहेत. मे महिन्यात फ्रेटची टोके नेकच्या कडेने बोटाला टोचू लागतात, कारण लाकूड आक्रसते आणि धातू जागेवर राहतो. टॉप खाली बसतो, तारा फ्रेटवर खरखरतात. जुलैत टॉप फुगतो, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढते आणि बारचे कॉर्ड दाबणे नवशिक्याला अशक्य होते. त्यात आपल्या घरोघरी कूलर. दुपारभर खोली कोरडी ठणठणीत, संध्याकाळी कूलर लावला की तीच खोली दमट. भिंतीवर टांगलेल्या गिटारला एका दिवसात दोन ऋतू सोसावे लागतात.

१९३७ ची तंतोतंत प्रतिकृती, सरसाने जोडलेली, न फिरणाऱ्या पोलादी पट्टीची, अशा घरात आणली तर काय होईल? सरस वाईट नाही. सुकला की तो काचेसारखा कडक होतो, ताणाखाली सरकत नाही, आणि पुढे दुरुस्तीला सांधा सोडवता येतो. पण उष्णता आणि ओल एकत्र आली की तो सैल पडतो, आणि मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर त्याचा निभाव लागणे कठीण. नेकचा बाक दुरुस्त करायला चावी नसेल, तर एकच उपाय उरतो: सांधा उघडणे, आणि ते काम नीट करणारे हात आपल्याकडे थोडे.

भाजलेल्या लाकडाचे महत्त्व इथे कळते. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत लाकूड दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवले, की त्यातला हेमिसेल्युलोज हा पाणी धरून ठेवणारा घटक मोडतो. लाकूड हलके होते, रंगाने पिकते, आणि मुख्य म्हणजे हवेतली ओल कमी शोषते. जुन्या लाकडाचा आवाज मिळतो म्हणून कंपन्या याची जाहिरात करतात. मराठवाड्यातल्या ग्राहकाने मात्र या लाकडाकडे आधी टिकाऊपणासाठी पाहावे. भाजलेले लाकूड थोडे ठिसूळ होते, हेही खरे. ब्रिज उखडला तर त्याबरोबर टॉपचे धागे निघण्याची भीती वाढते. फायदा-तोटा मांडून मी भाजलेल्या टॉपच्या बाजूने उभा राहीन.

४. देवगिरीचा दाखला आणि मिरजेचा

यादव राजा सिंघण याच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांच्या या ग्रंथाचा सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात एकतंत्री, नकुल, त्रितंत्रिका, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी अशा वीणांची वर्णने आहेत. ही वर्णने मापांची आहेत: दांडी किती, भोपळा कुठे, तार कशी. शार्ङ्गदेव परंपरेचा केवढा अभिमानी, भरतापासूनची सारी मते गोळा करणारा. तरी त्याच अध्यायात तो स्वतःच्या वीणेचेही वर्णन करतो, निःशंक वीणेचे. परंपरेचा एवढा मोठा संग्राहक नवे वाद्य करायला कचरला नाही, ही गोष्ट आपल्या अभ्यासात जितकी यायला हवी तितकी येत नाही.

त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. एकतंत्री वीणेच्या घोडीवर धातूची पट्टी असे, आणि तार व ती पट्टी यांच्यामध्ये बांबूची बारीक कामटी सरकवत. तिच्यामुळे तारेचा नाद भरीव आणि गुंजता होई. आज मिरजेच्या तंबोऱ्यात तेच काम सुताचा दोरा करतो. रुंद घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठावर तार हलके घासते, सूत योग्य जागी आले की जवारी खुलते आणि खर्जातून एकेक वरचा स्वर उमलत जातो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याकडे लक्ष वेधले होते. जिथे तार छेडली तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो, ते स्वरही या घोडीमुळे ऐकू येतात, आणि नेहमीच्या नियमाने ते यायला नको होते.

बांबू गेला, सूत आले. हस्तिदंत आणि सांबरशिंग कायद्याने बंद झाले, तेव्हा घोडीसाठी हाड आणि कृत्रिम पदार्थ आले. सामग्री जवळजवळ सगळी बदलली, आणि तारेने घोडीला घासून स्वर उलगडण्याचे कारण तसेच राहिले. मिरजेतले कारागीर मुळात शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांसारख्यांनी तंतुवाद्यांकडे वळून हा व्यवसाय उभा केला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाले म्हणून आता इथे काहीच बदलू नये, असा कुणी अर्थ काढला, तर मिरजेच्याच इतिहासाचा तो अनादर होईल.

५. कसोटी दोन्ही बाजूंनी लावून

आतापर्यंतच्या विवेचनावरून वाटेल, की मी नव्याचा वकील आहे. म्हणून हीच कसोटी नव्यावर लावतो.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ मध्ये बंगळुरूच्या राडेल कंपनीने आणला. एकट्याने रियाज करणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांची सोय झाली, आणि ती मी कमी लेखत नाही. पण तारेच्या आणि घोडीच्या संयोगातून क्षणाक्षणाला वेगळा होणारा नाद त्यात नाही. गायकाने तंबोरा स्वतः लावण्यातून कान तयार होतो, तेही नाही. इथे कारणच गेले, हेतूचा काही भाग तेवढा राहिला. ही तंबोऱ्याची पुढची पायरी नव्हे. ते वेगळे उपकरण आहे, आणि तसेच त्याला म्हणावे.

गिटारमध्ये याहून वाईट प्रकार चालतो. नव्या गिटारवर कारखान्यातच ओरखडे पाडायचे, पॉलिश उडवायचे, पितळी खुंट्यांवर डाग आणायचे. ज्या हातांनी वाद्य झिजवलेच नाही, त्या हातांची झीज त्याच्यावर रंगवायची. स्वस्त गिटारमध्ये जाड प्लायच्या टॉपला जुन्या काळची नक्षीची किनार डकवायची. दोन्ही ठिकाणी रूप जुने, कारण गायब. इथे पहिल्या मताचे लोक ‘धंदा’ म्हणतात ते बरोबरच आहे, फक्त ते सरसकट म्हणतात ही चूक.

यंत्राविषयीही एक आक्षेप मी स्वतःच घेतो. झाडागणिक लाकडाचा ताठपणा बदलतो. एकाच मापाचे दोन टॉप एकसारखे लवत नाहीत. जुना कारागीर टॉप हातात धरून वाकवून, टकटक करून, ऐकून पट्टी आणखी तासायची की थांबायचे हे ठरवी. सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, सगळ्या पट्ट्या मिलिमीटरचा शंभरावा भागही न चुकता सारख्या कापल्या, तर मापे सारखी येतील आणि आवाज सारखे येणार नाहीत. त्यात कंपनीला हमीची भीती असेल तर ती सर्वात कमकुवत टॉप गृहीत धरून सगळ्यांनाच जाड ठेवणार. म्हणून यंत्राने कुठे थांबावे, हे सांगता यायला हवे. नेकचा सांधा, फ्रेटच्या खाचा, ब्रिजची जागा इथे अचूकता म्हणजेच सूर. तिथे यंत्र हातापेक्षा सरस. टॉप आणि पट्ट्यांची शेवटची तासणी हाताची आणि कानाची. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. कोणत्या मापावर काटेकोर राहायचे आणि कुठे सैल सोडायचे, यावरच त्याचे पोट आहे.

६. उरलेले आक्षेप

लाकूड पिकते, त्याचे काय? वय झाले की लाकडात रासायनिक बदल होतात आणि हेमिसेल्युलोज हळूहळू तुटतो, हे मान्य. भट्टी तेच घाईने करते, तंतोतंत तसेच नाही. पण जुन्या गिटारच्या कौतुकात एक फसगत दडलेली आहे. १९३० च्या दशकात बांधलेल्या सगळ्या गिटार आपल्यापर्यंत आलेल्या नाहीत. ज्या बोलत नव्हत्या त्या माळ्यावर गेल्या, मोडल्या. ज्या बोलत होत्या त्या लोकांनी दुरुस्त करून सांभाळल्या. निवडून उरलेल्यांची तुलना आपण नव्यांच्या सरासरीशी करतो. व्हायोलिनमध्ये हे तपासले गेले आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नामांकित वादकांना, डोळ्यांवर काळे चष्मे असताना, स्ट्रॅडिव्हरीसारखी जुनी वाद्ये आणि नवी वाद्ये खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत. पसंती बहुतेकदा नव्यांकडे झुकली. नव्या बांधणीला यापेक्षा मोठे प्रमाणपत्र नको.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असेही म्हटले जाते. अखंड लाकडाची, जुन्या वळणाची गिटार महाग असते, हे खरेच. संभाजीनगरातला विद्यार्थी आठ-दहा हजारांतच घासाघीस करतो. पण नवी बांधणी सर्वात जास्त उपकारक याच विद्यार्थ्याला आहे. पाठ आणि बाजू प्लायच्या, टॉप तेवढा अखंड, नेकमध्ये ट्रस रॉड, ही रचना आपल्या हवेत सर्वात समंजस आहे. पाठीचे प्लाय ऋतूंसोबत कमी हलते, टॉप मोकळेपणाने बोलतो. दुकानात ‘ऑल सॉलिड नाही’ म्हणून ती हलकी ठरवली जाते, आणि मुलांच्या मनात नसता कमीपणा भरला जातो. यामाहा आज चेन्नईजवळच्या कारखान्यात अकूस्टिक गिटार बनवते. निदान आपल्या देशात बनणाऱ्या वाद्यांनी तरी आपल्या हवेचा हिशेब धरावा, ही अपेक्षा वावगी नाही.

तिसरा आक्षेप, हे वाद्य आपले नव्हे, मग त्याच्या परंपरेची उठाठेव कशाला. ब्रिजभूषण काब्रांनी मांडीवर गिटार ठेवून राग वाजवले आणि १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला ती बसली, तेव्हा हा प्रश्न निकालात निघाला. आणि लाकडाचे म्हणाल तर १९६९ नंतरच्या कित्येक चांगल्या अमेरिकन गिटारची पाठ आपल्या पश्चिम घाटातल्या शिसवीची आहे. २०१७ च्या आरंभी सगळ्या रोझवुड जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि जगभरचे गिटारकार कागदपत्रांच्या चक्रात सापडले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. ‘अस्सल’ ब्राझिलियन रोझवुडवर तर १९९२ पासूनच जवळजवळ बंदी आहे. हव्यासापायी एक झाड धोक्यात आले. शिसवीचेही तसे व्हायला नको असेल, तर पाठीच्या लाकडाचा मोह सोडणे हे वादकाचेही काम आहे.

पर्याय आपल्या अंगणातच आहे. मिरजेचे सतारकार पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ती तूण महोगनीच्याच कुळातली. हलकी, तासायला सोपी, आणि तंतुवाद्याच्या अंगात तिचे वागणे कसे असते याचे दीडशे वर्षांचे ज्ञान मिरजेच्या हातांत आहे. तुणीची पाठ आणि बाजू, भाजलेल्या स्प्रूसचा पातळ टॉप, मध्ये तासलेल्या पट्ट्या, वाळूजच्या यंत्रावर कापलेला बोल्टचा सांधा, चावीने फिरणारी सळई, आणि मिरजेच्या कानाने केलेली शेवटची तासणी. अशी गिटार अजून कुणी बांधलेली माझ्या पाहण्यात नाही. ती बांधायला जंगलातून एकही शिसव तोडावी लागणार नाही, ओरखडे रंगवावे लागणार नाहीत, आणि मेची दुपार व ऑगस्टची सकाळ दोन्ही तिला एकाच घरात काढता येतील.